उंदराच्या अंगावर केस कुठे उगवायचा, हे ठरवतं कोण?

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा गुलाबी, उघडंबोडकं, डोळे मिटलेलं असतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की याला केस अजून यायचेत. चारपाच दिवसांनी अंगावर बारीक लव दिसायला लागते आणि दुसऱ्या आठवड्यात तर पूर्ण कोट चढलेला असतो. पण केस कुठे येणार, किती येणार, कुठल्या बाजूला झुकणार, याचा बराचसा हिशोब आईच्या पोटातच झालेला असतो. उंदराची गर्भावस्था साधारण १९-२० दिवसांची, आणि त्यातल्या शेवटच्या सहाएक दिवसांत अंगावरच्या केसांची जवळजवळ सगळी मुळं तयार होतात. मूळ म्हणजे फॉलिकल, कातडीत खाली गेलेली ती छोटी पिशवी जिच्यातून केस वर येतो.

तेराव्या दिवसापर्यंत पाठीच्या कातडीत बघण्यासारखं काही नसतं. वर पेशींचा पातळ थर, एपिडर्मिस, आणि त्याच्या खाली सैलसर पसरलेल्या पेशींचा थर, डर्मिस. वरच्या थरातली प्रत्येक पेशी शेजारणीसारखीच दिसते. मिशांची गोष्ट वेगळी, त्या एकदोन दिवस आधीच सुरू झालेल्या असतात कारण उंदराला मिशा म्हणजे अंधारातले डोळेच. मग चौदाव्या दिवसाच्या आसपास पाठीवर ठराविक अंतराने छोटे जाडसर ठिपके उमटायला लागतात. या ठिपक्याला प्लाकोड म्हणतात आणि पुढे हाच खाली वाढून फॉलिकल होतो. आता प्रश्न असा की सगळ्या पेशींमध्ये डीएनए तोच, सगळ्या दिसायला सारख्या, मग यातल्या काहींनीच केस व्हायचं आणि बाकीच्यांनी साधी कातडीच राहायचं हे कोण सांगतं?

सांगणारा एकटा कोणी नाहीच. वरचा आणि खालचा थर एकमेकांना रासायनिक निरोप पाठवतात, त्याला उत्तर येतं, मग त्या उत्तरावर पुढचा निरोप जातो, आणि असं करत करत केस बनतो. हे निरोप म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली प्रोटीन्स. शेजारच्या पेशीवर त्या प्रोटीनला पकडणारा रिसेप्टर असतो, तो पकडतो आणि आत कुठले जीन चालू करायचे कुठले बंद ते बदलतं. सेल सिग्नलिंग हा जो शब्द आपण ऐकतो तो एवढाच, पण एवढ्यातून काय काय होतं ते बघण्यासारखं आहे.

दोन थरांपैकी कोण काय ठरवतं हे शोधायला लोकांनी कातडीची अदलाबदल केली. फ्रान्समध्ये ग्रनोबलला दानिएल दुआयी यांनी १९७० च्या दशकात उंदराच्या आणि कोंबडीच्या गर्भाची कातडी घेतली, दोन्हीचे थर सोडवले आणि एकाचा वरचा थर दुसऱ्याच्या खालच्या थरावर ठेवला. उंदराचा खालचा थर आणि कोंबडीचा वरचा, असं केलं तर काय यावं? केस आला नाही, पिसांचे कोंब आले. म्हणजे खालच्या थराने "इथे काहीतरी बनव" एवढंच सांगितलं आणि वरच्या थराला जे बनवता येतं ते त्याने बनवायला घेतलं. ते कोंब पूर्ण पिसापर्यंत मात्र गेले नाहीत, अर्धवट थांबले, कारण पुढचे बारकावे सांगणारे निरोप आपल्याच जातीच्या खालच्या थराकडून यावे लागतात. मला या सगळ्या विषयातला हा प्रयोग सगळ्यात आवडतो, एकही जीन माहीत नसताना केवळ चिमटा आणि मायक्रोस्कोप वापरून माणसं इथपर्यंत पोचली होती, आणि कोंबडी आणि उंदीर यांचे रस्ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले तरी त्यांना एकमेकांचा पहिला निरोप अजून कळतो हेही त्यातच दिसलं.

तो पहिला निरोप नेमका कुठला हे कळायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. सगळ्यात महत्त्वाचं नाव आहे विंट. ही एकोणीस प्रोटीन्सची एक फॅमिली आहे आणि तिचं काम समजायला बीटा-कॅटेनिन नावाचं आणखी एक प्रोटीन माहीत असावं लागतं. पेशी बीटा-कॅटेनिन सतत बनवते आणि सतत मोडून टाकते, ऐकायला उधळपट्टी वाटते पण त्यात मोठी सोय आहे, कारण निरोप आला की नवीन काही बनवत बसावं लागत नाही, फक्त मोडणं थांबवायचं. विंट रिसेप्टरला चिकटला की मोडणारी यंत्रणा थांबते, बीटा-कॅटेनिन साठतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथे एलईएफ-१ सारख्या प्रोटीनच्या जोडीने केस बनवायला लागणारे जीन चालू करतं.

हे नुसतं "सोबत दिसतं" असं नाही, दोन्ही बाजूंनी तपासलेलं आहे. २००१ मध्ये उंदराच्या गर्भाच्या कातडीतून बीटा-कॅटेनिनचा जीन काढून टाकला तर फॉलिकल बनेनात. २००२ मध्ये फिलाडेल्फियात सारा मिलर यांच्या गटाने डीकेके-१ हे विंटला अडवणारं प्रोटीन कातडीत भरपूर बनेल असे उंदीर तयार केले, त्यांच्यात प्लाकोडसुद्धा उमटला नाही, कातडी शेवटपर्यंत कोरी. आणि उलट बाजूने, १९९८ मध्ये इलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर बनवले ज्यांच्या कातडीत बीटा-कॅटेनिन मोडलंच जात नाही. त्यांना जन्मानंतरही, जिथे केस यायला नकोत अशा दोन केसांच्या मधल्या जागेत नवीन फॉलिकल्स यायला लागली. ऐकून वाटेल टक्कल संपलं! पण त्याच उंदरांना पुढे केसाच्या मुळाच्या गाठी झाल्या, आणि वर्षभरातच माणसांमध्येही पिलोमॅट्रिकोमा नावाच्या केसमुळाच्या गाठींत बीटा-कॅटेनिनचेच बदल सापडले.

आता खरी मजा. विंटचा निरोप सुरुवातीला जवळजवळ सगळ्या कातडीला मिळत असतो, मग केस ठिपक्याठिपक्यांनी का येतो, सगळी कातडीच एक मोठा केस का होत नाही?

उत्तराची कल्पना एका गणितज्ञाने देऊन ठेवली होती. ॲलन ट्यूरिंग, कॉम्प्युटरवाला, याने १९५२ मध्ये दाखवलं की दोन रसायनं, एक चालना देणारं जे फार लांब जात नाही आणि एक अडवणारं जे लांब पसरतं, एवढ्यावरून कुठलाही नकाशा नसताना ठिपके किंवा पट्टे आपोआप तयार होऊ शकतात. एसटी रिकामी येऊन लागते तेव्हा काय होतं आठवा, पहिले चढलेले लोक खिडक्या पकडतात, बसल्या बसल्या शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतात, आणि दोन मिनिटांत माणसं बसभर बरोबर अंतर राखून पसरलेली असतात, कंडक्टरने कोणाला कुठे बस म्हणून सांगितलेलं नसतं. इथे बसणं म्हणजे विंट आणि पिशवी म्हणजे डीकेके. ज्या पेशीत योगायोगाने विंट जरा जास्त झाला ती आणखी विंटकडे झुकते, पण त्याच विंटमुळे ती डीकेकेही बनवते आणि ते बाहेर पसरून आजूबाजूच्यांना अडवतं. विंट जवळच राहतो, डीकेके लांब जातं. झाला ठिपका, आणि त्याच्याभोवती रिकामं रिंगण.

२००६ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गच्या गटाने हे गणित उंदराच्या केसांवर लावून बघितलं, कॉम्प्युटरवर अडवणाऱ्याचं प्रमाण वाढवलं की पॅटर्न कसा बदलेल ते काढलं आणि मग खरे उंदीर बनवून ताडून पाहिलं, केसांमधलं अंतर आणि मांडणी त्या अंदाजाप्रमाणे बदलली. हा पेपर खूप गाजला. पण गोष्ट तिथे संपली असं समजू नका, कारण अडवणारं प्रोटीन एक नाही, बीएमपी नावाची दुसरी फॅमिलीही तेच काम करते, आणि ठिपक्याच्या जागेवर बीएमपीला आवरायला खालच्या थरातून नॉगिन नावाचं प्रोटीन येतं, म्हणजे अडवणाऱ्याला अडवणारा. शिवाय २०१७ मध्ये एडिनबरोच्या रोझलिन इन्स्टिट्यूटच्या गटाने दाखवलं की वरच्या थराची मांडणी दाबून टाकली तरी खालच्या थरातल्या पेशी स्वतःच्या स्वतः गोळा होऊन ठिपके करू शकतात. म्हणजे एक यंत्रणा दुसरीच्या पोटात लपलेली आहे. जीवशास्त्रात असं फार होतं, एका सुंदर समीकरणात सगळं बसलं असं वाटतं तोवर खालून दुसरं काहीतरी निघतं.

प्लाकोड बनतो म्हणजे तिथल्या पेशी भराभर विभागतात असं बरीच वर्षं गृहीत धरलेलं होतं. २०१४ मध्ये हेलसिंकीच्या गटाने जिवंत कातडीचं चित्रण करून दाखवलं की तसं नाही, आजूबाजूच्या पेशी चालत येऊन तिथे दाटी करतात, विभागणी त्या वेळी उलट कमीच असते.

सगळे केस एकदम येत नाहीत हेही सांगायला हवं. चौदाव्या दिवसाच्या लाटेत लांब, सरळ केसांची मुळं येतात, गार्ड हेअर, हे संख्येने अगदी थोडे. तोवर गर्भ वाढतो, कातडी ताणली जाते, जुन्या ठिपक्यांमध्ये अंतर वाढतं, अडवणारं प्रोटीन तिथवर पुरत नाही, आणि सोळाव्या दिवसाच्या आसपास मधल्या जागेत दुसरी लाट येते. मग अठराव्या दिवसापासून जन्मापर्यंत तिसरी, तिच्यात ते बारीक नागमोडी झिगझॅग केस, उंदराच्या मऊ कोटातला सगळ्यात मोठा वाटा यांचा.

यातल्या पहिल्या लाटेचा निरोप थोडा वेगळा आहे हे कळलं ते एका विचित्र दिसणाऱ्या उंदरामुळे. टॅबी नावाचा हा उंदीर १९५० च्या दशकात नोंदवला गेला. कानामागे टक्कल, शेपटीवर केस नाहीत, शेपटीचं टोक वाकडं, पाठीवर लांब गार्ड हेअर नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, दातही नीट नाहीत. बिघाड ईडीए नावाच्या सिग्नलमध्ये निघाला. डाउनलेस नावाचा दुसरा एक उंदीर हुबेहूब तसाच दिसायचा, त्याच्यात ईडीए ठीक होता पण तो पकडणारा रिसेप्टर, ईडार, बिघडलेला होता. निरोप नसला काय आणि ऐकणारा नसला काय, कातडीला सारखंच.

ईडीएची गोष्ट माणसांपर्यंत, आणि आपल्या उपखंडापर्यंत येते. चार्ल्स डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत लिहून ठेवली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष असे की दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चारच छोटे दात, अंगावर केस फार कमी, लवकर टक्कल, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही पण त्यांच्या मुलग्यांना होतो हेही त्याने नोंदवलंय. आज हे वाचणाऱ्याला लगेच कळतं की जीन एक्स गुणसूत्रावर असणार, आणि तसाच तो आहे. १९९६ मध्ये माणसातला ईडीए जीन सापडला, पुढच्या वर्षी टॅबी उंदरातही तोच निघाला. ईडीए बिघडलेली मुलं उन्हाळ्यात खरंच धोक्यात असतात, कारण घाम येत नाही म्हणजे अंगाचा ताप बाहेर पडत नाही.

आणि इथे सिग्नलिंगच्या अभ्यासाचा थेट उपयोग झाला. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गाइड आणि श्नायडर या दोघांनी ईडीए प्रोटीनला अँटिबॉडीचा एक तुकडा जोडला जेणेकरून ते वारेतून गर्भात जाईल, आणि गरोदर टॅबी माद्यांना त्याचं इंजेक्शन दिलं. पिल्लांना केस आले, घामाच्या ग्रंथी आल्या, आणि ते आयुष्यभर टिकलं, बिघडलेला जीन तसाच असूनही! निरोप फक्त त्या काही दिवसांपुरताच लागतो ना. माणसाच्या हाच बिघाड असलेल्या नवजात बाळांना तसंच प्रोटीन देऊन बघितलं तेव्हा मात्र फायदा दिसला नाही, वेळ टळून गेलेली असते. मग जर्मनीत एरलांगेनच्या डॉक्टरांनी ते गर्भजलात सोडलं, २०१८ मध्ये तीन मुलांबद्दल लिहिलं, त्यात दोन जुळे होते, आणि तिघांनाही घाम येत होता.

आता प्लाकोडकडे परत येऊ. ठिपका उमटला की वरच्या थराची पाळी, तो खाली उलटा निरोप पाठवतो, त्यातल्या एफजीएफ-२० मुळे बरोबर ठिपक्याखाली डर्मिसच्या पेशी गोळा होतात. हा गोळका पुढे डर्मल पॅपिला होतो, केसाच्या बुडाशी आयुष्यभर बसलेला आणि वरच्या पेशींना "वाढा", "थांबा" सांगणारा. मग ठिपक्याने खाली वाढायचं. इथे सॉनिक हेजहॉग लागतो, हो, व्हिडिओ गेमवालाच, नाव तिथूनच घेतलंय. १९९८ च्या प्रयोगात ज्या उंदरांमध्ये सॉनिक हेजहॉग नव्हता त्यांच्यात ठिपके ठरल्या जागी उमटले, पण पुढे जाईनात, तिथेच अडकून राहिले. म्हणजे विंट आणि मंडळी जागा ठरवतात आणि हेजहॉग बांधकाम पुढे रेटतो. मोठेपणी हाच सिग्नल कारण नसताना चालू राहिला तर बेसल सेल कार्सिनोमा हा कातडीचा कॅन्सर होतो, आणि त्यावर हेजहॉग अडवणारं व्हिस्मोडेजिब हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. ते घेणाऱ्या बऱ्याच पेशंटचे केस गळतात. उंदराच्या गर्भात जे दिसलं ते माहीत असेल तर याचं नवल वाटत नाही.

खाली वाढायचं म्हणजे पेशींना आधी शेजाऱ्यांची घट्ट पकड सोडावी लागते. ही पकड ई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनची असते, आणि २००३ मध्ये फुक्स यांच्याच प्रयोगशाळेत कॉलिन जमोरा यांनी, जे पुढे बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत आले, दाखवलं की वरून विंट आणि खालून नॉगिन हे दोन्ही निरोप मिळाले तरच ई-कॅडहेरिन कमी होतं आणि कोंब खाली झुकतो. एकाच निरोपावर काम होत नाही, दोन सह्या लागतात.

केस कुठल्या बाजूला झुकणार याचंही वेगळं खातं आहे. उंदराच्या पाठीवरचे सगळे केस शेपटीकडे झुकलेले असतात. फ्रिझल्ड-६ नावाचा जीन काढला तर केस येतात व्यवस्थित, पण दिशा हरवते आणि अंगावर भोवरे पडतात, २००४ चं काम आहे हे.

जन्मानंतर नवीन मुळं जवळजवळ बनत नाहीत, आहे तीच मुळं वाढ, आक्रसणं, विश्रांती अशा फेऱ्या मारतात, आणि या फेऱ्याही त्याच सिग्नल्सवर चालतात, विंट उठवतो, बीएमपी झोपवून ठेवतो. एफजीएफ-५ हा "आता वाढ पुरे" सांगणारा निरोप, तो बिघडला की केस नेहमीपेक्षा जास्त काळ वाढत राहतो, अंगोरा उंदीर म्हणतात त्याला, आणि लांब केसांच्या बऱ्याच मांजरी आणि कुत्र्यांमध्येही याच जीनमधले बदल सापडलेत. उंदरात शेजारशेजारचे केस एकदम जागे होतात आणि वाढीची लाट पाठीवरून सरकत जाते, माणसाच्या डोक्यावर तसं नसतं, प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो.

हा फरक लक्षात ठेवा, कारण "उंदरावर प्रयोग केला, केस उगवले" अशा बातम्या आणि जाहिराती सतत येतात. सात आठवड्यांच्या उंदराची पाठ साधारण पूर्ण विश्रांतीत असते, केस काढला की कातडी गुलाबी दिसते, आणि काळ्या उंदरात रंग फक्त वाढीच्या काळात बनत असल्यामुळे मुळं जागी झाली की तीच कातडी आधी राखाडी मग काळी होते. त्यावर तेल चोळून काळं झालेलं दाखवलं की फोटो झकास येतो. पण काही न लावता नुसते केस उपटले तरी मुळं जागी होतात. २०१५ मध्ये तर असं दिसलं की योग्य दाटीने २०० केस उपटले तर न उपटलेलेही जागे होऊन १२०० पर्यंत केस उगवतात, कारण दुखावलेली मुळं आजूबाजूला निरोप पाठवतात. यात नवीन मूळ एकही बनलेलं नसतं, झोपलेली उठलेली असतात.

खरोखर नवीन मुळं बनल्याचं उदाहरण आहे. २००७ मध्ये फिलाडेल्फियात जॉर्ज कॉटसारेलिस यांच्या गटाने मोठ्या उंदराच्या पाठीवर सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी जखम केली, ती भरली आणि मधोमध नवीन फॉलिकल्स आली, गर्भातल्यासारखीच पायरीपायरीने आणि विंटच्याच जोरावर, विंट अडवला की ती येत नव्हती. त्यातून आलेले केस बहुतेक पांढरे होते, कारण रंग देणाऱ्या पेशी तिथवर पोचल्या नव्हत्या. माणसाच्या जखमेच्या व्रणावर असं होताना दिसत नाही. मग बाहेरून विंट वाढवून बघायला काय हरकत आहे, असं कोणीही विचारेल, पण १९९८ च्या उंदरांना केसांपाठोपाठ गाठी आल्या होत्या, आणि गर्भात हा सिग्नल मोजक्या पेशींमध्ये मोजके दिवसच चालू असतो. मोठ्या माणसाच्या डोक्यावर तेवढ्याच जागी, तेवढाच वेळ तो चालू करून पुन्हा बंद करणं अजून कोणाला जमलेलं नाही.